डॅडींसाठी वेगळा शुगर-फ्री डबा करू नकोस

पत्र आलंय, थोडं लहान करून देतेय:

"ताई, माझं सासर वसईत, नंदाखाल गावाच्या बाजूला. सासऱ्यांना, आम्ही डॅडी म्हणतो, बारा वर्षं डायबेटिस आहे, गोळ्या चालू आहेत, ऑक्टोबरमधे एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ८.१ आली आणि डॉक्टर जरा रागावलेच. गेल्या नाताळला मी खास त्यांच्यासाठी गव्हाच्या पिठाच्या कुकीज केल्या, साखर अजिबात नाही, शुगर-फ्रीच्या गोळ्या कुटून घातल्या. त्या इतक्या कडक झाल्या की चहात बुडवून पण मऊ होईनात, आणि वरून पांढऱ्याफटक. डॅडींनी एक खाल्ली, छान आहे म्हणाले, आणि तासाभराने बघते तर मम्मींच्या, म्हणजे सासूबाईंच्या, डब्यातले कुलकुल (नाताळचे तळलेले छोटे गोड शंखपाळे) मुठीत घेऊन मागच्या ओट्यावर बसलेले. मम्मी म्हणतात वर्षाचा सण आहे, त्यात डाएट आणू नकोस. मुलगा सहा वर्षांचा, तो दिवसभर डबेच उघडत असतो. यंदा गूळ घालून करू का? की नाचणीच्या? मैदा पूर्ण बंद करू का? केक, नेवऱ्या (करंज्या), पेरूचं चीज (पेरूच्या वड्या), साच्यातलं बदाम-काजूचं मार्झिपान सगळंच होतं आमच्याकडे. हेल्दी पण हवं आणि खाल्लं पण गेलं पाहिजे."

अगं, तुझं पत्र वाचलं आणि कुकीजच्या आधी मला तो मागचा ओटाच दिसला. माझ्या वडिलांना पण डायबेटिस होता. आम्ही वसईतल्याच पापडी गावाच्या बाजूचे, घरात नाताळला सात-आठ डबे भरायचे, आणि एका वर्षी आम्ही बहिणींनी मोठ्या हौसेने त्यांच्यासाठी वेगळा डबा केला, वर चिठ्ठी चिकटवली 'फक्त पप्पांसाठी'. ते पाहुण्यांमधे बसलेत, सगळ्यांच्या पुढे एक ताट आणि त्यांच्या पुढे तो वेगळा डबा, त्यांनी तो उघडला पण नाही. मला तेव्हा राग आला होता की एवढं केलं आणि खाल्लं नाही. खूप नंतर कळलं की त्या डब्याने त्यांना भर सणात पेशंट करून बाजूला बसवलं होतं. म्हणून तुला सगळ्यात आधी हेच सांगते, डॅडींसाठी वेगळं काही करू नकोस. सगळ्या घराचंच ताट थोडं कमी गोड, आकाराने लहान आणि संख्येने कमी कर, आणि त्याच ताटातलं त्यांना मोजून दे. बाकीचं सगळं याच्या पोटात येतं.

आता तुझ्या त्या दगडी कुकीज. यात तुझा हात वाईट नाही, एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्यास म्हणून झालं. कुकीमधली साखर फक्त गोडी देत नाही, ती पाणी धरून ठेवते, पिठातलं ग्लुटेन, म्हणजे पीठ बांधून धरणारं प्रोटीन, जास्त चिवट होऊ देत नाही, ओव्हनमधे वितळून कुकी पसरवते आणि वरचा तो सोनेरी रंग पण बराचसा तिच्यामुळेच येतो. तू साखर काढलीस आणि गोळ्या घातल्यास, गोळीत गोडी आहे पण तिला वजनच नाही, म्हणजे साखरेची बाकीची सगळी कामं करायला तिथे कोणी उरलंच नाही. शिवाय गोळी अस्पार्टेमची असेल तर ओव्हनच्या उष्णतेत तिची गोडी पण कमी होते, सुक्रालोज त्यामानाने टिकतं. दुसरं, आपलं चक्कीचं पीठ मैद्यापेक्षा पाणी जास्त पितं, त्याला मैद्याच्याच मापाने ओलावा दिलास तर कोरडंच होणार. आणि तिसरं, तू रंग यायची वाट बघितली असशील, मला जवळजवळ खात्री आहे, कारण साखरच नाही तर रंग येणार कुठून, दहाची पंधरा मिनिटं झाली, पंधराची बावीस, तोवर आतलं सगळं पाणी उडून गेलं. कुकी ओव्हनमधून काढताना मधे मऊच लागली पाहिजे, बोटाने दाबली तर खड्डा पडेल इतपत, मग ट्रेवरच दहा मिनिटं ठेवायची, गार होताना ती आपोआप घट्ट होते. हे एवढं जरी पाळलंस तरी अर्धी लढाई जिंकलीस.

गूळ. हा प्रश्न मला दर डिसेंबरला येतो आणि दरवेळी उत्तर देताना जरा वाईट वाटतं कारण लोकांनी गुळावर खूप आशा ठेवलेली असते. चवीसाठी गूळ घाल, जरूर घाल, मला स्वतःला गुळाची नानकटाई साखरेपेक्षा जास्त आवडते, पण डॅडींच्या रक्तात गेल्यावर गूळ म्हणजे साखरच. गुळात मुख्यतः सुक्रोजच असतं, थोडी खनिजं असतात पण दोन कुकीजमधल्या गुळातून मिळणारं लोह मोजण्यासारखं नाही. मध तसाच, खजूर पण तसाच, खजुरात फायबर असतं हे खरं पण त्याच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग साखरच असते. धोका असा की गूळ आहे, खजूर आहे म्हटलं की माणूस दोनच्या जागी पाच खातो, आणि घरचे पण आग्रह करतात की घ्या हो, तुमच्यासाठीच केलंय, साखर नाहीये त्यात. तर गूळ साखरेच्या मापानेच मोज. बेकिंगमधे वापरताना एक लक्षात ठेव, गुळात ओलावा असतो म्हणून दूध थोडं कमी, आणि गूळ किंचित आंबट असल्याने चिमूटभर सोडा त्याच्याबरोबर छान काम करतो.

नाचणीचं पण तसंच काहीसं. नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे, १०० ग्रॅममधे साधारण ३५० मिलिग्रॅम, मुलाला जरूर दे, पण पिष्टमय भाग गव्हा-तांदळाच्या जवळपासच असतो, म्हणजे डॅडींची शुगर नाचणीला बघून थांबेल असं नाही. आणि नाचणीत ग्लुटेन नाही त्यामुळे सगळंच पीठ नाचणीचं घेतलंस तर कुकी हातात भुगा होते, चौथा हिस्सा घे, त्याहून जास्त नको. खरा फरक पडतो तो बदामाच्या पुडीने आणि बेसनाने. १०० ग्रॅम मैद्यात साधारण ७५ ग्रॅम पिष्टमय पदार्थ, बदामात वीस-बावीस. बेसनात प्रोटीन वीस ग्रॅमच्या आसपास. म्हणजे मैद्याचा काही भाग या दोघांना दिला की कुकी खुसखुशीत पण होते आणि पोटात पण टिकते. बदाम महाग आहेत मान्य आहे, भाजलेल्या शेंगदाण्यांची जाडसर पूड पण चालते, चव वेगळी येते पण वाईट नाही.

आता मुख्य मुद्दा, आणि इथे जरा थांबून वाच, कारण हे कळलं की तुला कुठल्याच रेसिपीची गरज पडणार नाही. नाताळच्या प्रत्येक पदार्थात बघायचं की साखर तिथे काय काम करतेय. नेवरीच्या सारणात साखर फक्त गोडीला आहे, तिथे रवा-खोबरं-तीळ आपलं आपलं उभं राहतं, म्हणून तिथली साखर बिनधास्त निम्मी कर, वेलची-जायफळ वाढव, खोबरं मंद आचेवर खरपूस भाज, मम्मींना पण कळणार नाही. कुलकुलवरचा पाक फक्त वरून थापलेला, तो काढून टाकता येतो. केकवरचं आयसिंग, तेच. कुकीच्या पिठात साखर कामाची आहे, तिथे चौथा हिस्सा कमी केलास तर कोणाच्या लक्षात येत नाही, तिसरा हिस्सा कमी केलास तर दूध आणि भिजवायचा वेळ सांभाळावा लागतो, निम्मी केलीस तर ती कुकी राहत नाही. आणि पेरूचं चीज, मार्झिपान, यांचं शरीरच साखरेचं आहे. पेरूच्या गराच्या जवळजवळ बरोबरीने साखर जाते, तीच ते घट्ट धरते आणि तीच ते टिकवते. साखर कमी केलीस तर जास्त वेळ आटवावं लागेल, पोत मऊ राहील आणि फ्रीजमधे ठेवून चार-पाच दिवसांत संपवावं लागेल. या दोन पदार्थांच्या वाटेला जाऊच नकोस. ते जसे असतात तसेच कर, फक्त निम्म्या मापाने कर आणि वडी सुपारीएवढी काप. मार्झिपानचा साचा सगळ्यात छोटा घे, लहान पानांचा, फुलांचा मिळतो.

तुला दोन मापं देते, दोन्ही मी बऱ्याचदा केलेली आहेत.

पहिली नानकटाई, कारण ती मम्मींना परकी वाटणार नाही. गव्हाचं पीठ ९० ग्रॅम, बेसन ४० ग्रॅम मंद आचेवर कोरडंच भाजून गार केलेलं, बदामाची पूड ४० ग्रॅम, बारीक रवा एक मोठा चमचा, बेकिंग पावडर अर्धा चहाचा चमचा, मीठ चिमूटभर, वेलची आणि जायफळ सढळ हाताने. ८० ग्रॅम तूप घट्ट असायला हवं, पातळ तूप घेतलंस तर ट्रेवर पसरून एकमेकींना चिकटतील, ते ५० ग्रॅम पिठीसाखरेबरोबर हलकं होईपर्यंत फेट, मग पिठं घालून हाताने फक्त गोळा कर, मळू नकोस, मळलंस की ग्लुटेन जागं होतं आणि चिवट होते. गोळा अगदीच फुटत असेल तर दूध एक-दोन चमचे. मग झाकून अर्धा तास फ्रीजमधे, गव्हाच्या पिठाला हा वेळ लागतोच, ते ओलावा ओढून घेतं, गेल्या वर्षी तू हा वेळ दिला नसशील. मग १५-१५ ग्रॅमचे गोळे, वजनकाट्यावर पहिले तीन-चार करून बघ म्हणजे हाताला अंदाज येतो, साधारण वीस होतात. १६० डिग्रीवर अठरा-वीस मिनिटं, खालची कड रंगली की काढ, वरून फिकीच दिसेल. एका नानकटाईत साखर अडीच ग्रॅम, म्हणजे चहाचा अर्धा चमचा, आणि कॅलरी ऐंशीच्या आसपास, त्यातल्या जवळजवळ निम्म्या तुपाच्या. तूप आहेच, ते मी लपवत नाही. पण तुपाऐवजी वनस्पती तूप घालू नकोस. वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर आपल्याकडे २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आलीय, पण संतृप्त चरबी त्यात असतेच आणि चव तर काहीच नाही.

दुसरी कुकी आपल्या वसईचीच आहे, सुकेळ्यांची. मला खरंच कळत नाही की आपल्याकडे आगाशीच्या बाजूला राजेळी केळी सोलून उन्हात सुकवून इतकी सुंदर सुकेळी होतात आणि आपण नाताळच्या बेकिंगला बाहेरच्या सुक्या क्रॅनबेरी आणतो, ज्यांना बहुतेक वेळा वरून साखर लावलेली असते. सुकेळ्याची गोडी त्या केळ्याचीच. १०० ग्रॅम सुकेळी बारीक चिरून दोन मोठे चमचे कोमट दुधात पंधरा मिनिटं ठेव. ६० ग्रॅम लोणी ३० ग्रॅम साखरेबरोबर फेट, एक अंडं घाल, मग ओट्स १०० ग्रॅम, त्यातले निम्मे मिक्सरला जरा फिरवून, गव्हाचं पीठ ६० ग्रॅम, अक्रोड ४० ग्रॅम, दालचिनी, मीठ, अर्धा चमचा बेकिंग पावडर, आणि शेवटी सुकेळी दुधासकट. हे पण अर्धा तास फ्रीजमधे. चमच्याने ट्रेवर टाकून वरून जरा चेप, कारण साखर कमी असल्याने ती आपली आपण पसरत नाही, १७० वर बारा-चौदा मिनिटं. बाहेरून कुरकुरीत, मधे चिवटगोड. तुझ्या मुलाला हीच आवडेल बघ. डॅडींसाठी मात्र ही बिनसाखरेची आहे असं समजू नकोस, केळ्यातली साखर सुकल्यावर दाट झालेली असते, त्यांना एक.

कुलकुलबद्दल जरा जास्त बोलते, कारण डॅडींचा जीव त्यात आहे हे त्यांनी तुला तोंडाने सांगितलं नसलं तरी ओट्यावर बसून सांगितलेलंच आहे. कुलकुल बंद करायचा विचार पण करू नकोस. जेवायच्या काट्याच्या (फोर्कच्या) पाठीवर, नव्या कंगव्यावर सगळं घर मिळून कुलकुल वळतं, पोरं वाकडेतिकडे करतात, कोणाचा किडा लांब झाला यावर भांडतात, गोव्यात तर त्यांना किडयोच म्हणतात, ती संध्याकाळच खरा नाताळ आहे. लोक विचारतात बेक केले तर? होतात, वरून नारळाचं दूध किंवा जरासं तेल लावून १७० वर पंधरा-अठरा मिनिटं, पण ते बिस्किट होतं, कुलकुल नाही, आणि मम्मी पहिल्याच घासाला ते बोलून दाखवतील. मी तुला सांगेन की थोडे बेक कर, मुलाच्या डब्याला चालतील, आणि बाकीचे तळच. पण पाक देऊ नकोस. अर्धा किलो मैद्याचे कुलकुल असतील तर ५० ग्रॅम पिठीसाखर पिठातच घाल, नारळाच्या घट्ट दुधात भिजव, नारळाची आपली एक गोडी असते ती पाकाखाली झाकली जाते, पाक काढला की ती वर येते. मैद्यातला तिसरा हिस्सा बारीक रवा घेतलास तर कमी तेलकट आणि जास्त कुरकुरीत होतात. तेल नीट तापलेलं असू दे, गार तेलात टाकले की कुलकुल तेल पितात, आणि एकदम मूठभर टाकू नकोस कारण त्याने तेल गार पडतं. मम्मींना पाकातले हवेच असतील तर एक वाटीभर वेगळे पाकवून दे, पूजेच्या वाटीएवढेच, भांडण नको.

मैदा पूर्ण बंद करायची तर काहीच गरज नाही. केकमधे निम्मा मैदा, निम्मं गव्हाचं पीठ चाळून, चालतं. रममधे भिजवलेली फळं असतील तर ती स्वतःच इतकी गोड असतात की केकमधली साखर चौथा हिस्सा कमी केलीस तरी उलट फळांची चव उघडते. टूटीफ्रूटी मात्र घालू नकोस, ती म्हणजे पाकात मुरवलेली रंगीत कच्ची पपई, तिच्याऐवजी संत्र्याची साल किसून घाल, काळ्या मनुका घाल, अक्रोड घाल. आणि केकचा लोफ टिन अरुंद घे, म्हणजे स्लाइस आपोआप लहान पडते, रुंद टिनमधली लहान स्लाइस कापताना पाहुण्यापुढे हात आखडल्यासारखं वाटतं.

पण एवढं सगळं करूनही शुगर वाढेल, जर डबे उघडे राहिले तर. आपल्याकडे १५ डिसेंबरला डबे भरायला सुरुवात होते आणि ६ जानेवारीला तीन राजांच्या सणापर्यंत काही ना काही चालूच, म्हणजे तीन आठवडे. खरं तर नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे, जुन्या लोकांसाठी संयमाचे दिवस, आणि आपण नेमके तेव्हाच ट्रायल म्हणून ट्रेच्या ट्रे खात असतो. डॅडींचं नुकसान २५ तारखेच्या एका केकने होत नाही, रोज येता-जाता तोंडात टाकलेल्या दोन-दोन गोष्टींनी होतं, आणि मुलाचं पण तेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेलं माप असं की वरून घातलेली साखर रोजच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी हवी आणि जमलं तर पाच टक्क्यांहून, पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. मध आणि फळांचे ज्यूस पण त्यातच धरलेत. सहा वर्षांच्या पोराला अर्थातच त्याहून कमी. आता चहा-दुधातली साखर आधीच वजा कर आणि बघ काय उरतं.

म्हणून कुकीजचे डबे भरूच नकोस. पिठाचे रोल करून ठेव. नानकटाईचं पीठ लांब काठीसारखं वळून बटर पेपरमधे गुंडाळून फ्रीजरमधे, सुकेळ्यांच्या कुकीचे गोळे करून झिपच्या पिशवीत, दोन महिने काही होत नाही. पाहुणे आले, मिस्साहून, चर्चमधल्या प्रार्थनेहून, परत आलात, की तेवढ्यापुरते आठ-दहा काप, ओव्हनमधे टाक, गोठलेल्याला दोन-तीन मिनिटं जास्त लागतात. घरभर वास, गरम कुकी प्रत्येकाला एक-एक, आणि नंतर उघडायला डबाच नाही. कोणाला अडवायचं नाही, ओरडायचं नाही, कोणावर नजर ठेवायची नाही. माझ्या घरात मी सगळ्या उपायांमधे याच्यावर सगळ्यात जास्त विश्वास ठेवते. कुलकुल आणि नेवऱ्यांना हे जमत नाही, त्यांचे डबे होणारच, तर ते वरच्या फळीवर, आणि खाली मुलाच्या हाताला लागेल अशा डब्यात भाजलेले शेंगदाणे, चणे, संत्री ठेव. डिसेंबरमधे संत्री इतकी छान असतात.

मम्मींशी बोलताना डाएट हा शब्दच काढू नकोस ना. त्यांचं म्हणणं खरं आहे, वर्षाचा सण आहे, आणि त्या डब्यांमधे त्यांची चाळीस वर्षांची मेहनत आहे, तू येऊन त्याला अनहेल्दी म्हटलंस तर त्यांना लागणारच. त्यांना विचार की मम्मी, तुमच्या लहानपणी नेवरी केवढी असायची, केक किती व्हायचा. मी माझ्या आईला विचारलं होतं, ती म्हणाली एवढे प्रकार नसायचेच, नारळ, तांदूळ, गूळ यांचं काहीतरी आणि एक केक, तो पण गावातल्या बेकरीत टिन देऊन भाजून आणायचा. मार्झिपान, चॉकलेट, कपकेक हे सगळं आपण नंतर वाढवत नेलं. तर चार प्रकार ठरवा दोघी मिळून, आठ नको. आणि कुठले चार हे डॅडींनाच विचार. खरंच विचार त्यांना. म्हण, डॅडी, यंदा चारच करणार आहोत, तुम्हाला कशाशिवाय नाताळ वाटणार नाही? माणसाला स्वतः निवडायला मिळालं की ओट्यावर लपून खावं लागत नाही.

शेजारी दिवाळीला फराळ देतात, त्यांची ताटं परत करायची असतात, त्यात काटकसर करायची नाही हे मम्मींचं बरोबर आहे. त्यांच्या ताटात नेहमीचेच पदार्थ दे, पाकातले कुलकुल दे, प्रयोग त्यांच्यावर नको. फक्त ताटं २४ ला सकाळीच पोचव म्हणजे घरात साठा राहत नाही.

डॅडींसाठी अजून काही गोष्टी, आणि यातलं औषधांचं सगळं त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच कर, नाताळच्या आधी एकदा भेटूनच ये. गोड खायचं ते जेवणानंतर, उपाशीपोटी चहाबरोबर नाही, जेवणात आधी भाजी, मासे किंवा चिकन गेलेलं असलं की शुगर एकदम उसळत नाही. गोड खाल्लं त्या दिवशी भात-पाव तेवढा कमी. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चालणं खूप फरक करतं, नातवाला घेऊन गावातले येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे बघायला पाठव रोज संध्याकाळी, नाताळात प्रत्येक आळीत गोठा असतोच. घरी ग्लुकोमीटर असेल तर एकदा नानकटाई खाऊन दोन तासांनी मोजा, एकदा केक खाऊन, त्यांचं शरीर कशाला काय करतं ते त्यांनाच आकड्यात दिसेल, माझ्या सांगण्यापेक्षा ते जास्त पटतं. बाजारातली शुगर-फ्री चॉकलेटं आणू नकोस, त्यात बऱ्याचदा साखरेऐवजी माल्टिटॉल नावाचं गोड द्रव्य असतं, जास्त खाल्लं की पोट बिघडतं आणि शुगर पण थोडी वाढतेच.

आणि २४ च्या रात्रीकडे नीट लक्ष दे. त्या दिवशी सगळ्यांचंच जेवणाचं वेळापत्रक कोलमडतं, बायका स्वयंपाकघरात, कोणी गोठ्याचे दिवे लावतंय, आणि मिस्सा उशिरा. डॅडींनी गोळी घेतली आणि जेवले नाहीत, मिस्साला दोन तास उभे राहिले, आणि घरी येऊन रिकाम्यापोटी द्राक्षाची घरची वाइन घेतली, तर काही गोळ्यांमुळे शुगर वाढण्याऐवजी धाडकन खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं असं दिसलं तर तेव्हा लगेच साखरेचं पाणी किंवा ग्लुकोज द्यायचं, तिथे हेल्दी-बिल्दी काही बघायचं नाही, आणि पंधरा मिनिटांनी परत मोजायचं. म्हणून त्या रात्री त्यांना वेळेवर, नेहमीच्या वेळेला जेवायला घालूनच ने, तुझ्या पर्समधे चण्या-शेंगदाण्यांची पुडी आणि ग्लुकोजचं पाकीट असू दे, आणि परत आल्यावर सगळ्यांबरोबर, त्याच ताटातून, त्यांच्या हातात एक लहान स्लाइस केक आणि चार कुलकुल दे.

डॅडींनी कुठले चार प्रकार निवडले ते मला नक्की कळव.